सोमवारचा घाम

आता अंगावर खाकी आहे म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या पोरी मला रस्त्यात अडवून विचारतात, "मॅडम, मोटिवेशन कसं टिकवायचं?" डोंबलाचं मोटिवेशन! पहाटे साडेचारला उठून पळायला गजर लागतो आणि घरी परत जावं लागेल याची भीती लागते. बाकी काही लागत नाही. मग पोरी विचारतात, "आणि थकवा आला तर?" थकवा आला तर बसा, मी सांगते. एवढंच. हे त्यांना आवडत नाही. स्टेटसला लावता येईल असं काहीतरी जळजळीत हवं असतं, आणि मी सांगते बसा. तोंडं पाडून निघून जातात.

या पोरींची डोकी कुणी फिरवली ते मला चांगलं माहीत आहे. लातूरला मी ज्या अकॅडमीत तयारी केली तिथं आम्हाला एक सर होता. होते म्हणायला पाहिजे, पण जीभ वळत नाही. अंगात कायम जाड हिरवं जॅकेट, पाठीवर 'कमांडो' असं छापलेलं. मे महिन्यातसुद्धा तेच जॅकेट. कमांडो तर सोडाच, हा बाबा कधी होमगार्डमध्येसुद्धा नव्हता. स्वतः चार वेळा भरती देऊन चारही वेळा घरी आलेला. त्यात पाप नाही, पहिल्या भरतीत मीही आपटले होते. पण आपटलेल्या माणसानं जरा खाली बघून चालावं की नाही? हा स्कूटीवर बसून ग्राउंडच्या कडेकडेनं आमच्या मागं फिरायचा, शिट्टी फुंकायचा आणि ओरडायचा, "थकवा मनात असतो! पायात नसतो!" दोन वर्षांत मी त्या माणसाला शंभर मीटर पळताना पाहिलं नाही. चहाच्या टपरीपर्यंतही स्कूटीनं जायचा.

त्याची एक रीत होती. पहाटेचं पळून झालं की प्रत्येकीनं घामेजल्या तोंडाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. तीच हजेरी. जिचा फोटो आला नाही तिचं नाव सात वाजता एका यादीत यायचं, आणि यादीचं नाव 'सूनबाई'. म्हणजे तू आता घरी जा, लग्न कर, भाकरी थाप. खाली ग्रुपवरच्या पोरांचे हसणारे चेहरे पन्नास. एका पोरीचं नाव ताप आला म्हणून यादीत आलं तर तिनं एकशे दोन तापात ग्राउंडला तीन चकरा मारल्या आणि फोटो टाकला. सरानं त्यावर आगीचं चित्र टाकलं. आम्हीही टाकलं. आमचीही अक्कल गहाणच होती तेव्हा.

आठवड्याचे सातही दिवस पळायचं. फक्त सोमवारी ग्राउंड नसायचं, सोमवारी 'सेल्फ प्रॅक्टिस'. जो तो आपापल्या रस्त्यानं पळणार, फोटो टाकणार. कारण काय, तर सोमवारी सर उशिरा उठायचा. म्हणजे सुट्टी होती, पण ती त्याला होती!

माझ्या खोलीत माझ्याबरोबर एक जण राहायची. देगलूरकडची, घरी तेलुगू बोलणारी, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिच्याकडंही थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि आमच्या उदगीरकडंही, म्हणून मी तिला अक्काच म्हणायचे. वयाच्या अटीत तिची ही शेवटची भरती होती. भावानं स्वच्छ सांगितलं होतं, हे झालं की बस. मुदखेडचा एक बिजवर ठरवून ठेवला होता, दोन लेकरांचा बाप. अक्का त्याच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. नुसती म्हणायची, "मला त्या घरात जायचं न्हाई गं." आणि बूट घालायची.

त्या हिवाळ्यात माझ्या नडग्या दुखायला लागल्या. आधी पळताना, मग जिना चढताना, मग नुसत्या पडल्या पडल्या. सर म्हणाला, बर्फ लाव आणि पळ. दोन दिवस गावी गेले तर दुसरा दिवस सोमवार. पहाटे अंगणात बुटांच्या नाड्या बांधत होते. माझे वडील, अप्पा, बैलांपुढं कडबा टाकत होते. बैल निवांत बसून रवंथ करत होते, कारण आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. पेरणी अडली तरी नाही, शेजाऱ्यानं बोलणी केली तरी नाही. आजा पाळायचा, अप्पा पाळतात.

"कुठं निघालीस?" अप्पा म्हणाले.

"पळायला."

"आज सोमवार हाय."

"मी काय बैल हाय का अप्पा?"

"बैल असतीस तर गप बसली असतीस," अप्पा म्हणाले. "त्यायला अक्कल हाय. सहा दिवस वढलं की सातव्या दिशी बसतेत, अन् मंगळवारी बघ कसे निघतेत. आपल्या बैलाचा खांदा कधी सुजलेला बघितलास का?"

मला इतका राग आला! अकॅडमीत शिकलेली मी, डाएट, कार्डिओ, रिकव्हरी असले शब्द तोंडावर, आणि हा म्हातारा मला बैलांचं सांगतोय. पण पायही ठणकत होते. रुसून बसले. दिवसभर पाय वर करून पडले, शेंगा खाल्ल्या, ग्रुपवर 'घरी कार्यक्रम आहे' म्हणून खोटं टाकलं. यादीत नाव आलंच. रात्री लातूरला परतले, मंगळवारी ग्राउंडवर गेले आणि आठशे मीटर मी आजवर पळाले नव्हते इतक्या वेगानं पळाले. सर ओरडला, "बघा! सूनबाई म्हटल्यावर कशी पेटली!" त्याला वाटलं, त्याच्यामुळं.

तेव्हापासून मी सोमवार पाळायला लागले. उघड नाही. एवढी हिंमत कुठली! पहाटे अक्काबरोबर खोलीतून निघायचं, चौकात तिला म्हणायचं, "मला बरोबर कुणी असलं की दम तुटतो, मी वेगळी जाते," आणि ती रिंग रोडला लागली की गल्लीतल्या महादेवाच्या देवळात जाऊन बसायचं. पायरीवर तासभर. मग तिथल्याच नळाचं पाणी तोंडावर, मानेवर, टीशर्टच्या गळ्यावर मारायचं, धापा टाकल्यागत तोंड उघडायचं आणि फोटो टाकायचा. सर आगीचं चित्र टाकायचा. पंधरा दिवसांत माझ्या नडग्या बऱ्या झाल्या.

अक्काच्या तेव्हाच दुखायला लागल्या.

ती रात्री वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची. क्रेप बँडेज बांधायची. एका जागी बोट ठेवलं तरी कळवळायची. मग एका डॉक्टरकडं जाऊन आली. त्यानं सांगितलं, हाडावर ताण आलाय, तीन आठवडे पळणं बंद, नाहीतर चीर जाईल. भरतीला दोन महिने होते. तीन आठवडे जाऊनही पाच आठवडे उरत होते. हिशोब कुणालाही कळला असता.

खोलीत येऊन तिनं मला विचारलं, "तुझ्याबी दुखायच्या ना? तू काय केलंस?"

हे मी आज जसंच्या तसं लिहिते, कारण दुसऱ्यांवर एवढं थुंकून झाल्यावर स्वतःला सोडायचं म्हणजे फारच झालं. मी म्हटलं, "काय नाही केलं अक्का. पळत राहिले. पळता पळता गेलं."

का म्हटलं? यादीची भीती होती, खरंय. ती सरापुढं बोलून गेली असती तर माझे सगळे सोमवार उघडे पडले असते. आम्ही दोघींनी नांदेडलाच फॉर्म भरले होते आणि जागा थोड्या होत्या, हेही खरंय. ती तेव्हा माझ्यापेक्षा चार सेकंदांनी पुढं होती. पण सगळ्यात खरं असं की, मी बोलले तेव्हा तिनं माझ्याकडं जसं बघितलं ते मला आवडलं. "लोखंडाची हायस बाई तू," ती म्हणाली. मला आयुष्यात कुणी तसं म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी गप्प बसले.

तिनं डॉक्टरची चिठ्ठी उशीखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पळाली. दोन महिने पळाली. एकही फोटो चुकवला नाही. तिच्या तोंडावरचा घाम खरा असायचा.

मैदानी चाचणीला आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. माझी बॅच आधी होती. माझं आठशे मीटर झकास गेलं, पूर्ण गुण. दोऱ्यांच्या पलीकडं उभी राहून मी तिची बॅच बघत होते. पहिली चक्कर ती पुढच्या तिघींत होती. दुसऱ्या चकरेच्या वळणावर ती बसली. पडली नाही, ठेच लागली नाही, नुसती बसली. मग उठली आणि एका पायावर लंगडत पुढं निघाली. बाकीच्या सगळ्या पोहोचल्या, त्यांचे नंबर लिहून झाले, तरी ही चालतच होती. शेवटची रेघ ओलांडल्यावर तिनं तिथल्या मॅडमना विचारलं, "वेळ किती लागला?" मॅडमनी तिला हाताला धरून बाजूला बसवलं.

एक्सरेत चीर दिसली. पायाला पांढरं प्लास्टर घालून ती दवाखान्याच्या बाकड्यावर बसली होती, भावाला फोन लावून झाला होता, तो घ्यायला निघाला होता. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मी सुटलेच. "त्या मेल्या सराचं वाटोळं होऊ दे! त्यानं घालवलं तुझं. त्याचं ते थकवा मनात असतो अन् ती यादी! स्कूटीवर बसून दुसऱ्याच्या हाडांचा चुरा करतो भाड्या. मी परत जाऊन त्याच्या तोंडावर बोलते की नाही बघ!"

अक्का शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "त्याचं कोण ऐकून राहिलं होतं गं? तो येडा हाय हे मला पहिल्याच दिशी कळलं होतं. डॉक्टरचं मला पटलं होतं, मी बसणार होते. पण तू एक सोमवार चुकवला न्हाईस. मला वाटायचं, हिला जमतंय तर मला काहून न्हाई?"

मी तिच्या प्लास्टरकडं बघत राहिले. आता सांग, आता सांग, असं मनात चाललं होतं. बाहेर भावाची गाडी आली. तिनं हात पुढं केला, मी तिला धरून उठवलं.

जाताना माझ्या खांद्यावर भार टाकत ती म्हणाली, "तू मात्र हाय तशीच राहा."

"हो अक्का," मी म्हटलं.