गोळ्यांची कापलेली पट्टी

टिटवाळ्याच्या माझ्या आत्याला मधुमेहामुळे दिसेनासं झालं, तेव्हा मी तिच्यासाठी एक ॲप लिहिलं. फोन औषधासमोर धरला की ते नाव मोठ्यानं वाचून दाखवतं. फुकट आणि खुलं. कोड कुणीही बघावा, बदल सुचवावा, पण तो आत घ्यायचा की नाही हे मी ठरवते. आज कितीतरी अनोळखी अंध माणसं ते वापरतात. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत बसत नाही.

गेल्या वर्षी माजिवड्याच्या एका इंजिनिअरनं एआयकडून मोठा बदल लिहून घेतला आणि पाठवला. ॲप आता पुसट अक्षरंसुद्धा वाचणार होतं. चाचण्या पास, वापरून बघणारे खूश. एआयची मदत मीही घेते, त्यात सोवळं पाळत नाही. पण आयतं पीठ आणलं तरी चाळून घ्यायची माझी खोड. डोंबिवलीत घरी बसून चाचण्यांचे फोटो पाहिले, तर सगळ्या अख्ख्या पट्ट्या! आमच्याकडे अख्खी पट्टी घेतं कोण? केमिस्ट कात्रीनं चार गोळ्या कापून देतो आणि निम्मं नाव दुकानातच राहतं.

आईची रक्तदाबाची कापलेली पट्टी समोर धरली. जुनं ॲप अशा वेळी म्हणायचं, "नीट वाचता येत नाही, कुणाला तरी दाखवा." नव्यानं खणखणीत आवाजात पूर्ण नाव सांगितलं. ते मधुमेहाच्या गोळीचं होतं. सुरुवातीची अक्षरं सारखी होती, पुढची त्यानं स्वतःच्या मनानं भरली होती.

मी बदल नाकारला. लगेच इंजिनिअरचा फोन.

"अगं, शंभरात एखाद वेळी चुकेल! एआयनं लिहिलंय म्हणून अडवतेयस का?"

"कुणी लिहिलंय ते सोड रे. आत घेतलं की ते माझं. आणि त्या एखाद वेळी गोळी माझी आत्या गिळणार."

मग त्यानंच अंदाज बांधणारा भाग काढून टाकला, पुसट अक्षरांचा ठेवला, आणि तो मी आनंदानं घेतला. काहींनी मला खडूस म्हटलं. म्हणोत बापडे.

परवा आत्याकडे गेले होते. शेजारच्या काकू नव्या फोनचं कौतुक सांगत होत्या, काहीही विचारा, उत्तर तयार. आत्यानं एक कापलेली पट्टी आपल्या फोनसमोर धरली.

"नीट वाचता येत नाही, कुणाला तरी दाखवा," ॲप म्हणालं.

काकू हसल्या. "अहो, तुमचं हे तर अगदीच अडाणी!"

आत्यानं पट्टी बाजूला ठेवली. "असेल अडाणी. पण थापा मारत नाही. त्याच्या जिवावर तर मी या घरात एकटी राहते."