बोअरच्या पाण्याचा रंग

आमच्या इमारतीत पिण्याला नळाचं पाणी आणि धुण्याभांड्याला बोअरचं. गेल्या उन्हाळ्यानंतर बोअरचं पाणी पिवळट यायला लागलं आणि बायकोच्या बोटांची सालं निघू लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. अंबरनाथला, एमआयडीसीच्या इतक्या जवळ, पाणी बदलायचं म्हणजे घरच बदलायचं. ते जमणारं नव्हतं. बोअरची तपासणी करून घेणं एवढंच हाती होतं, आणि त्याला सोसायटीच्या सहीशिक्क्याचा अर्ज लागतो.

सेक्रेटरी ऐकेनात, म्हणून मी फोटो काढायचं ठरवलं. फोटोचा मला नाद होताच. गणपतीच्या मखरातले उरलेले जिलेटीन पेपर टॉर्चवर गुंडाळून मी स्टीलचे डबे, केळ्यांची फणी, गॅलरीतली तुळस, काहीही लाल-निळ्या उजेडात टिपायचो. ट्यूबखाली पांढरा शर्ट हिरवट येतो, पिवळ्या बल्बखाली तोच तांबूस, हे घरातल्या घरात करून पाहिलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की अंगठे यायचे. गच्चीवरची काळी टाकी मी जांभळी करून दाखवली, तेव्हा सेक्रेटरींनीच लिहिलं होतं, “काका, कमाल!”

उजेड रंगाला कसा फसवतो हे माहीत होतं, म्हणूनच पाण्याचा फोटो जपून काढला. भर दुपारी, उघड्या गच्चीवर. दोन सारख्या पांढऱ्या बादल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत तितकंच बोअरचं. मधे कोरा कागद, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं यावर वाद नको. काढल्यावर फोटोला हातही लावला नाही.

ग्रुपवर सेक्रेटरींचं लगेच उत्तर आलं, “काका, आज कुठला जिलेटीन?” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, “वर चला. बादल्या तशाच ठेवल्यात.”

“अहो काका, रविवार आहे. आणि हे ग्रुपवर कशाला टाकता? माझा वरचा फ्लॅट विकायचाय, माहितीये ना? लोक बघायला येतायत.”

“हिचे हात तरी बघा.”

“काकूंना साबण बदलायला सांगा.”

वर कोणीच आलं नाही. संध्याकाळी बायकोने हातमोजे घालून त्याच पाण्याने गच्ची धुतली.

फ्लॅट विकला गेला. बदलापूरहून एक कुटुंब राहायला आलं. जिन्यात त्या बाई भेटल्या, कडेवर लहान मूल. मी सांगितलं, बाळाला बोअरच्या पाण्याने आंघोळ घालू नका, आणि मोबाईल काढून तो फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला.

“सेक्रेटरी बोलले होते, तुम्ही कलर भारी करता,” त्या म्हणाल्या. “वाढदिवसाला आमच्या बाळाचा पण काढाल ना एक?”