स्लॅबवरची कौलं

पनवेलहून रोह्याची पॅसेंजर सुटली तेव्हा मी जरा तोऱ्यातच होतो. सोबत मारेक होता, पोलंडचा वास्तुरचनाकार, पुण्यातल्या एका परिषदेत ओळख झालेला. मी त्याला माझं लाडकं काम दाखवायला निघालो होतो. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी मुंबईच्या एका शेठसाठी मी ‘अस्सल कोकणी’ बंगला बांधला होता.

जिते स्टेशनाजवळ मिठागरं दिसू लागली आणि मारेक बोलता झाला. कम्युनिस्ट राजवटीत त्यांच्याकडे शहरोशहरी एकाच साच्याच्या काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. नव्वदच्या सुमारास राजवट गेली आणि जो तो आपल्या मातीतलं घर मागू लागला. कुणाला जमीनदारी थाटाचे खांब, कुणाला पहाडी मुलखातलं उभट छप्पर.

“मीही दिलं,” तो म्हणाला. “एका हॉटेलसाठी पहाडातल्या म्हातारीच्या घराच्या फळ्या उचकटून आणल्या. मला बक्षीस मिळालं. म्हातारी तसल्याच एका काँक्रीटच्या इमारतीत राहायला गेली.”

पेणला मी पोह्याच्या पापडांचं पुडकं घेतलं. हे तळायचे असतात, असं सांगेपर्यंत त्यानं एक कच्चाच मोडून तोंडात टाकला आणि भिडेखातर ‘छान’ म्हणाला.

रोह्याला उतरलो तेव्हा मे महिन्याचं ऊन अंग भाजत होतं. रिक्षा करून बंगल्यावर गेलो. फाटक उघडायला माळ्याची बायको आली, सीतावहिनी. मी छपराकडे बोट दाखवून मारेकला ऐकवलं, ही कुंभाराच्या हातची नळीची कौलं, शंभर वर्षांची परंपरा वगैरे. त्यातली निम्मी वहिनींच्या घरावरची होती. बदल्यात मी त्यांना पत्रे घालून दिले होते. हे मात्र मी सांगितलं नाही.

“सायब,” वहिनी म्हणाल्या, “पाऊस आला जवळ. कौलं चाळायची नाय?”

आमच्याकडे पावसाळ्याआधी कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावतात. त्यालाच कौलं चाळणं म्हणतात.

“चाळायची गरज नाही, वहिनी. सिमेंटात बसवलीत. खाली स्लॅब आहे.”

“खाली स्लॅब हाय?” त्या वर बघत राहिल्या. “मंग आमची कौलं कशाला नेलीत?”

बागेच्या वाफ्यांना कड म्हणून उरलेली कौलं मी उभी पुरली होती. त्यांच्याकडे हात करून वहिनी म्हणाल्या, “येवढी तरी द्या. चुलीच्या खोलीवरचा पत्रा असा तापतो, धूर कोंडतो, सासूला दुपारी घरात बसवत नाय. आंब्याखाली नेऊन बसवते. पावसात कुठं बसवू?”

“शेठना विचारावं लागेल,” मी म्हणालो. ती बाग शेठनं कधी नीट पाहिलीसुद्धा नव्हती. ‘घेऊन जा’ एवढं म्हणायचं होतं, पण पाहुण्यासमोर माझ्या बागेची कड उचकटलेली मला बघवली नसती. इतका मी हलका माणूस आहे.

परतीच्या गाडीत मारेकनं वही काढली. “ती बाई काय म्हणत होती?”

त्यानं सकाळी त्या फळ्यांच्या म्हातारीची गोष्ट माझ्यापासून लपवली नव्हती.

“म्हणाली, आपल्या घराची कौलं बंगल्यावर बघून बरं वाटतं.”

त्यानं ते तारखेसकट लिहून घेतलं. ते वाक्य पोलंडला गेलं. वाफ्यांची कड अजून तशीच आहे.