सुई उपासाला चालते

अक्काच्या तेराव्याला पानात बुंदी वाढली. त्या दिवशी घरच्यांनी गोड खायचं असतं. मला ती गिळवेना. शेजारच्या पाहुण्यांना वाटलं, मलाही बहिणीसारखी साखर आहे. मी तसंच वाटू दिलं.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. स्वतः चौथी शिकलेली, पण माझं शिक्षण तिच्यामुळे झालं. मी जालन्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. तिला मधुमेह निघाला तेव्हा मी घरातला गूळ, साखर, बिस्किटं हलवली आणि तिला एकच वाक्य शिकवलं : गोड ते विष. तिनं ते वेदवाक्यासारखं धरलं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा करून म्हणायची, "मला साखर हाय."

गेल्या कार्तिकात, एकादशीला, आम्ही जांब समर्थला दर्शनाला गेलो होतो. परतीची बस तीर्थपुरीच्या वाटेला लागली आणि मला तिच्या मानेवर घाम दिसला. हवेत गारवा होता.

"अक्का, सकाळी काय खाल्लं?"

"उपास हाय ना रे. डबा दर्शनानंतर खाऊ म्हनलं, तर तू बसची जल्दी केली."

"अन् इन्सुलिनचं इंजेक्शन?"

"ते बराबर घेतलं. सुई उपासाला चालते."

उपाशी माणसाचं यकृत आपल्या साठ्यातून ग्लुकोज सोडत राहतं. इन्सुलिन त्या साठ्याचा दरवाजा लावून घेतं आणि रक्तातलं ग्लुकोजही पेशींत ढकलतं. मेंदूकडे स्वतःचा साठा जवळपास नसतोच. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

पिशवीत भगरीचा डबा होता. भगर म्हणजे पिष्ट, ग्लुकोजची लांबच लांब माळ. मणी सुटे व्हायला वेळ लागतो, आणि तो आता नव्हता. बाहेर दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. तोही ग्लुकोजचाच, फक्त मणी अशा गाठीनं ओवलेले की माणसाच्या पोटाला ती सुटत नाही. मला साधी साखर हवी होती.

"अक्का, डोळे उघड."

"पोरीला झोका दे," ती म्हणाली. तिला मुलगी नव्हती.

पुढच्या बाकावरच्या मावशींच्या हातात प्रसादाची पुडी होती. मागितल्यावर त्यांनी लगेच दिली. खडीसाखर. मी दोन खडे अक्काच्या ओठांशी नेले. तिनं दात आवळले. जीभ जड झालेली, तरी शब्द स्पष्ट आले : "मला साखर हाय."

मावशींनी माझं मनगट धरलं. "अवो भाऊ, साखर हाय म्हनून राह्यल्या त्या. अन् तुम्ही साखरच चारायले? मारता का काय बाईला?"

"तुम्हाला कळतं का काही?" मागून कुणी तरी मला म्हणालं.

वर्गाबाहेर मी कधी आवाज चढवलेला नाही. तेव्हाही आधी पुटपुटलोच, "कमी झाली आहे, कमी." कुणी ऐकलं नाही. अक्काची मान कलली. मग मी ओरडलो, "हात सोडा. मी शिक्षक आहे, मला माहीत आहे." काय माहीत आहे ते सांगायला सुचलं नाही. मावशींनी हात सोडला.

बाटलीच्या झाकणात खडे चुरून, पाणी घालून घट्ट पाक केला. तिला टेकवून बसवलं. बोटानं थोडं हिरडीवर चोळलं. घोट गिळलेला गळ्यावर दिसला, तेव्हाच पुढचा थेंब दिला. साखर म्हणजे दोनच मणी, त्यातला एक ग्लुकोज, ते लवकर सुटतात. हे मी स्वतःला बजावत होतो आणि माझा विश्वास बसत नव्हता. मावशी माझ्या बोटाकडे बघत होत्या. चार थेंब, सहा, दहा. दोन थांबे गेले. तिचा हात गारच होता.

मग तिनं ओठ चाटले.

"मास्तर," ती म्हणाली, "तोंड कुनी गोड केलं? पास झाला का तू?"

मावशी हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मला हसता आलं नाही. साखर आली तशी ओसरणार होती, वर काही टिकाऊ पोटात जायला हवं होतं. मी डबा उघडून भगरीचा घास दिला.

"ही गोड न्हाई, ही चालते," अक्का चावता चावता म्हणाली.

"ही पण साखरच आहे अक्का. पोटात गेली की तीच होते. भाकरीची पण तीच होते."

तिचा घास तोंडात थांबला.

"मंग इतकी वर्षं मला काय शिकवलं तू?"

"अर्धंच शिकवलं," मी म्हणालो.

तिनं घास गिळला. "राहिलेलं जालना येईपर्यंत सांग," म्हणाली, आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला.