अंगठा बाहेर

जनाक्कांच्या खोलीत भाड्याने राहायचं तर डिपॉझिटपेक्षा कडक एक अट होती. पिशवीचं दूध दारात आणायचं नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चाकणला राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी मी दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत शिरले आणि गोठ्यातून आवाज आला, "ए पोरी, ते काय आणलंस?" पाठोपाठ एक ठेंगणी, काटक बाई बाहेर आली. तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, मांजराच्या थाळीत रिकामी केली आणि निरशा दुधाचा तांब्या माझ्यापुढे धरला. "माझ्या दारात ऱ्हायचं आन् पिशवीतलं प्यायचं? त्यापरास मला शिव्या दे."

मी लातूरकडची. चौकाजवळच्या एका लहानशा सेंटरमध्ये एक्स-रे काढते. आक्का मात्र जुन्या गावातल्या शेतकरी घरातल्या. शेत कधीच कंपनीत गेलं होतं. उरलेल्या जागेत त्यांच्या मुलाने, दत्ताभाऊंनी, भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांत आमच्यासारखी शिफ्ट करणारी माणसं राहत होती. मधोमध आक्कांचा गोठा, त्यात दोन म्हशी. दत्ताभाऊंच्या डोळ्यांत तो खुपायचा. माणूस वाईट नव्हता. आईने या वयात शेणात हात घालू नये असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि गोठ्याच्या जागी आणखी खोल्या निघतील असंही तितक्याच मनापासून वाटायचं.

आक्का दाद देत नसत. एकदा मला म्हणाल्या, "शेत गेल्यापास्नं ह्या घरात मला कोन काय इचारतं? दूध हाय का, एवढंच इचारत्यात. ते बी बंद करू व्हय?"

मग एक दिवस रस्त्यावरच्या कंटेनरच्या हॉर्नने म्हैस बुजली. दावं आक्कांच्या दोन्ही हातांना गुंडाळलेलं होतं. म्हशीने हिसका मारला आणि दोन्ही अंगठे पिरगळून टम्म सुजले. दत्ताभाऊ त्यांना थेट आमच्या सेंटरवर घेऊन आले. दारातच आक्कांनी सर्वांसमक्ष सांगून टाकलं, "दत्ता, फोटूत मोडल्यालं निघालं तर म्हशी इकीन. न्हाई निघालं तर हा इषय परत काढायचा न्हाई."

दत्ताभाऊंनी मला बाजूला घेतलं. "ताई, बारीकसं फ्रॅक्चर दिसतंय म्हणा की. तेवढ्यावर काम होईल."

"दत्ताभाऊ, मी फोटो काढते. गोष्टी रचत नाही," मी म्हटलं. मला रागच आला होता. त्यांनी लगेच मान खाली घातली.

अंगठ्याचा एक्स-रे काढायचा म्हणजे हात उलटा फिरवून अंगठ्याची पाठ प्लेटवर टेकवावी लागते. निरोगी माणूसही त्यात अवघडतो. आक्का शिशाचं जाकीट घालून ताठ बसल्या होत्या, कपाळावर घाम, पण तोंड चालूच. "अंगठा घे बाई, कितीबी घे. शेत दिलं तवा मातर म्या सही केली हुती, अंगठा न्हाई." दुसरा अंगठा फिरवताना त्यांच्या तोंडून एकच हुंकार निघाला. मला म्हणाल्या, "तू तुझं काम कर. माझ्या तोंडाकडं बघू नगंस."

हाड मोडलेलं नव्हतं. पण दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सांधे पार झिजलेले होते. दाव्याचा हिसका आजचा, झीज मात्र कित्येक वर्षांची. डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्यावर जोर द्यायचा नाही, धार काढणं बंद. दत्ताभाऊ सुटल्यासारखे झाले. आक्का तिथेच अडून बसल्या. "मोडलंय का? न्हाई ना? मग शबूद शबूद हाय."

"आये, पण अंगठ्याबिगर धार काढणार कशी?"

"ते माझं मी बघीन."

त्या संध्याकाळी दत्ताभाऊंची बायको धारेला बसली आणि आक्का शेजारी उभ्या राहून जळत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे आई अंगठा मुडपत नाही, मुठीने काढते. आक्कांनी नाक मुरडलं. इथे सगळ्या बायका अंगठा आत दुमडून, त्याच्या हाडावर सड दाबून धार काढत. आक्कांना त्यांच्या सासूने तसंच शिकवलेलं. मी माझं बोट पुढे केलं. "काढा बरं, तुमच्यासारखी."

त्यांचा दुखरा अंगठा, जोर तो कितीसा असणार? तरी ते हाड माझ्या बोटात असं रुतलं की मी कळवळले. मग मी त्यांचं बोट धरलं, अंगठा बाहेर ठेवला आणि चार बोटांनी एकेक करत मूठ मिटली. त्यांनी बोट काढून घेतलं नाही. आपल्या बोटाकडे आणि म्हशीच्या कासेकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"म्हंजे हिला बी येवढी वर्सं असंच दुखत हुतं? आन् म्या लाथ मारती म्हनून हिलाच शिव्या देत हुते." पदराने डोळे पुसून त्यांनी मला फर्मावलं, "परत दाव."

सूज उतरली तशा त्या शिकायला बसल्या. सवय हातात इतकी मुरलेली की अंगठा आपोआप आत वळायचा. तेव्हा त्यांनी दोन्ही अंगठ्यांना कुल्फीच्या काड्या बांधल्या, वरून चिंधी गुंडाळली. म्हशीला ही नवी मूठ ओळखीची नव्हती. तिने बादली उलथली, शेपटीचे फटके दिले, पान्हा चोरला. दत्ताभाऊ ओट्यावरून म्हणायचे, "आये, कशाला हा खटाटोप?" आक्का मान न वळवता सांगायच्या, "अंगठं माझं, म्हस माझी. तू च्या पी." कंटाळून मीच एकदा सोडून द्या म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी अबोला. हळूहळू बादलीत फेस येऊ लागला, आणि मग सुनेच्या अंगठ्यांनाही काड्या बांधल्या गेल्या.

आक्का आता नाहीत. गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे गेले, उकिडवं बसवेना. सुनेला तोवर कंपनीच्या कँटीनमध्ये नोकरी लागली होती. म्हशी विकायचं त्यांनी स्वतःच काढलं. दत्ताभाऊ एका तबेलेवाल्याला घेऊन आले. गिऱ्हाईक चांगलं होतं, भावही चढा. आक्का बाजेवरून म्हणाल्या, "आदी धार काढून दाव."

तो बसला. अंगठा आत दुमडला. आक्का ओरडल्या, "ऊठ. न्हाई द्यायची."

दत्ताभाऊंनी समजावलं, हातापाया पडले. आक्का ऐकेनात. मग आणखी दोघे येऊन गेले, त्यांचीही तीच गत. शेवटी राजगुरुनगरकडचं एक जोडपं आलं. नवरा भावाची घासाघीस करत होता. बायको सरळ म्हशीजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि धारेला बसली. अंगठा बाहेर होता. आक्कांनी भावाचं बोलणं तिथेच थांबवलं आणि दत्ताभाऊंना दावी सोडायला सांगितली.

टेम्पोत म्हशी चढल्यावर आक्कांनी त्या बाईला जवळ बोलावलं. तिचा अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला, दाबून बघितला.

"जा आता," त्या म्हणाल्या, "ना तुला काय दुखायचं, ना म्हशींना."