उत्सर्ग केलेली विहीर

कुळगावातील आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात एक जुनी विहीर आहे. इमारत उभी राहण्यापूर्वी तेथे भातशेती होती. शेत गेले, विहीर राहिली. बारवी धरणाचे पाणी नळाने घरोघर येते, म्हणून आम्ही तिच्याकडे फारसे पाहत नसू. कुंपणापलीकडे मात्र एक बैठी चाळ आहे. आठवड्यातून एक दिवस नळ बंद असतो. आमच्या इमारतीखाली टाकी असल्याने आम्हाला तो दिवस जाणवतही नाही. चाळीला टाकी नाही. त्या दिवशी मागच्या फाटकातून चाळ विहिरीवर येते.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेपुढे असा विषय आला, की विहीर बुजवून तेथे वाहनांसाठी जागा करावी. हे मला आधी सांगावे म्हणून सचिव घरी आले. कारखान्यात अधिकारी असलेले, माझ्या मुलाच्या वयाचे, सरळ मनाचे गृहस्थ. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि सोसायटीतल्या पूजाही सांगतो, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात.

“गुरुजी, पाणी काळं पडलंय. पालापाचोळा, प्लास्टिक, डास. साफ करायला कोणी पुढे येत नाही. ठेवून करायचं काय?”

“अहो, तिचा आपण उत्सर्ग केला आहे. जे देऊन टाकले ते बुजवायचे कसे?”

“तोच तर घोळ झाला,” ते हसले. “तुम्हीच तेव्हा सगळ्यांना सांगितलंत, आजपासून हिला आपली म्हणायचं नाही, हात लावायचा नाही. नाही लावला कोणी! दहा-बारा वर्षं गाळ निघालेला नाही.”

ते गेल्यावर मला तो उत्सर्ग आठवला. विहीर किंवा तळे सिद्ध झाले, की त्याच्या धन्याने हातात पाणी घेऊन संकल्प करावा, की हे जल आता माझे नव्हे, सर्व भूतांचे आहे. असा एक विधी आहे. आमची इमारत नवी असताना मी तो मोठ्या भक्तीने करविला होता. सभासदांनी ओल्या हातांनी नमस्कार केले होते. त्या दिवशी मला फार कृतार्थ वाटले. सर्वांची झालेली वस्तू पुढे सांभाळायची कोणी, हा प्रश्न मात्र मला शिवलाही नव्हता.

आता तो सुटेना. सूर्याचा प्रकाश मी अंगावर घेतला म्हणून शेजाऱ्याला कमी पडत नाही, आणि कोणाला त्यापासून अडवताही येत नाही. देवळातल्या घंटेचा नाद तसाच. त्यांना राखणदार लागत नाही. विहीरही सर्वांसाठी उघडी. पण तिच्यातून एकाने घागर भरली की तेवढे पाणी दुसऱ्यासाठी उरत नाही, आणि एकाने टाकलेली घाण सर्वांच्या घागरीत येते. मग इतकी वर्षे ती टिकली कशी? शास्त्रात उत्तर शोधण्याआधी एकदा विहिरीवर जाऊन पाहावे, असे वाटले.

नळ बंद असण्याच्या दिवशी सकाळी मी खुर्ची घेऊन तेथे बसलो. चाळीतल्या एक बाई पाणी ओढून फडक्याने गाळून घेत होत्या. बौद्ध कुटुंबातल्या, पन्नाशीच्या. अंबरनाथच्या कारखान्यांतील कामगारांना त्या जेवणाचे डबे करून देतात. मला ठाऊक होते, की त्या दिवशी पाणी मिळाले नाही तर त्यांची चूल पेटत नाही, आणि डबा चुकलेला माणूस दुसरीकडे डबा लावतो.

“सर, आज इकडे कुठे? आंघोळीला का?”

“तुम्ही पाणी कसे घेता ते पाहायला आलो.”

“बघा की. तिकीट नाही.”

मी विचारले, “आधी कोणी घ्यायचे, हे कसे ठरते?”

“ज्या घरात बाळंतीण नाहीतर आजारी माणूस, ते घर पहिलं. मग शाळेची पोरं असलेली घरं. मग आम्ही बाकीचे. कठड्याजवळ साबण आणला तर त्या बाईनं अख्खं अंगण धुवायचं. दोर ज्याच्या हातून तुटला त्यानं नवा आणायचा.”

“हे ठरवले कोणी?”

“कोणी म्हणजे? भांडून भांडून ठरलंय.”

“आणि गाळ?”

“गाळ आम्हीच काढायचो, सर. दर वैशाखात, पाणी खाली गेलं की. मग तुमची ती पूजा झाली, अन् वॉचमननं आम्हाला आत उतरू देणंच बंद केलं. म्हणाला, हात लावायचा नाही असं सांगितलंय. तुमच्या लोकांनी रहाटही काढून ठेवला.”

माझा एक शब्द वॉचमनपर्यंत पोहोचून असा उभा राहिला होता, आणि मी तो वर्षानुवर्षे पुण्य म्हणून मिरवत होतो.

“पण त्या पूजेत तुम्ही म्हणालात तरी काय?”

“विहीर सगळ्यांना दिली, असे म्हणालो.”

“सगळ्यांत आम्ही पण?”

“तुम्हीही. पक्षी, मुंग्यासुद्धा.”

“चला, मुंग्यांच्या मागे का होईना, नंबर लागला!” त्या मोठ्याने हसल्या. मग पोहरा वर घेता घेता म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंना गावी वरनं ओंजळीत पाणी ओतायचे. इथं आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतः दोर धरला. विहीर बुजवणार म्हटल्यावर मला त्याच आठवल्या.”

सभेला मी त्यांना बरोबर नेले. सभासद नसल्याने त्या दारातच उभ्या राहिल्या. मी सांगितले, “विहिरीला हात लावू नका, असे मी म्हणालो ती माझी चूक. सोडायचा होता तो हक्क. मी तुम्हाला सेवाही सोडायला लावली, आणि जे ती करत होते त्यांनाही अडवले.”

“मान्य, गुरुजी,” सचिव म्हणाले. “पण आता गाळ काढणार कोण?”

“आम्ही,” दारातून आवाज आला. “आम्हाला उतरू द्या, रहाट परत लावा. पण वर दोर ओढायला तुमच्यातले चौघं पाहिजेत. सगळं आमच्यावर नको.”

“आणि पार्किंगचं काय?” मागून कोणीतरी विचारले. शेवटी विषय एका वर्षापुरता पुढे ढकलला गेला. तो पुन्हा येईल.

वैशाखात गाळ निघाला. सचिव स्वतः दोराला होते; हातांना आलेले फोड ते संध्याकाळी प्रत्येकाला दाखवत होते. चिखलात माझी तांब्याची पळी सापडली, उत्सर्गाच्या दिवशी हातून निसटलेली. बाईंनी ती पदराला पुसून विचारले, “सर, ही तुमची, का हीसुद्धा सगळ्यांची?”

सचिवांना विधी पुन्हा करावा असे वाटत होते. मी नको म्हणालो. दिलेली वस्तू दुसऱ्यांदा देता येत नाही. एक शंका मात्र माझ्या मनात रेंगाळत होती. जो देतो, त्याने त्या पाण्यावर नंतर यावे का? विद्यार्थ्यांना मी सांगत असे, की यावे. सर्वांत तोही आलाच.

पुढे नळ बंद असण्याच्या दिवशी मी देवपूजेसाठी कलश घेऊन गेलो आणि सवयीने थेट कठड्यापाशी पोहोचलो.

“सर, रांग तिकडनं आहे.”

“देवाला हवे आहे हो. एकच कलश.”

“देव थांबेल. तिसऱ्या खोलीत बाळंतीण आहे.”

मी मागे जाऊन शेवटी उभा राहिलो. पुढे सात घागरी होत्या. त्या दिवशी आमच्या घरी पूजा जरा उशिरा झाली.