पुलाला सरकायला जागा ठेवणारे त्र्यंबकराव

त्र्यंबकराव सावळकरांना मी प्रथम पाहिले ते धनजजवळच्या एका नाल्यावर. मी ओव्हरसियर म्हणून त्यांच्या हाताखाली नुकताच रुजू झालो होतो. तेथील लहानशा काँक्रीटच्या पुलाच्या टोकाला, भिंतीत बोटभर रुंद तडा गेला होता. तो दाखवून ते म्हणाले, "हा तडा माझा आहे. पुलाच्या टोकाशी ठेवलेली फट मी हिवाळ्यात सिमेंटने बुजवली. वैशाखात पूल तापून लांबला आणि त्याने भिंत फोडली." अहवालातही त्यांनी हेच स्वतःच्या नावानिशी लिहिले होते. पहिल्याच भेटीत वरिष्ठाने आपली चूक दाखवावी, याचा मला अचंबा वाटला.

पुढे रिसोड-रिठद रस्त्यावर मोठा पूल ठरला. त्याआधी वर्षभर त्र्यंबकरावांनी काँक्रीटच्या ठोकळ्यात थर्मामीटर ठेवून पहाटेची थंडी आणि दुपारचे ऊन टिपले. त्यावरून फट नकाशातल्यापेक्षा रुंद धरली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रिठदचे सखाराम पाटील तक्रार घेऊन आले.

"साहेब, पुलात फट काहून ठेवली? गाडीचं चाक आदळंल ना त्यात. बुजवून टाका!"

त्र्यंबकरावांच्या वरिष्ठांनाही ते पटले. "न बुजवल्यास जबाबदारी तुमची," असे त्यांनी लेखी कळवले. नोकरीवर बेतणाऱ्या त्या कागदावर त्र्यंबकरावांनी शांतपणे सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटलांच्याच हातून फटीत एक लाकडी पट्टी बसवली. ती सैल होती. भर दुपारी, सगळ्यांसमक्ष, पाटलांनी ती दोन्ही हातांनी ओढली, निघेना.

"आता गं माय! पूल खरंच वाढला!"

"उन्हात त्याले बी पाय पसरायले जागा पाह्यजे, पाटील," त्र्यंबकराव म्हणाले. वरिष्ठांसकट सारे खळखळून हसले. मग त्र्यंबकरावांनी फटीवर जाड लोखंडी पत्रा टाकला. एका बाजूला पक्का, दुसऱ्या बाजूला सुटा. पहिली गाडी पाटलांनीच हाकली. चाक आदळले नाही, आणि पाटलांनी भर पुलावर फेटा उडवला!

माणसांचीही ते अशीच काळजी घेत. माझी पत्नी बाळंतपणात अडली तेव्हा स्वतःची बैलांची दमणी जुंपून ते वाशीमला गेले आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. आमच्या लेकीचे बारसे त्यांच्याच अंगणात झाले. तिचे नाव त्यांनीच ठेवले आणि पाळण्यापाशी सर्वांत मोठ्याने तेच गायले, अगदी बेसूर.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी त्यांना सहज गाठता येवो. आणि नव्या पुलांवर भर उन्हात ओणवे होऊन ते मापे घेत असताना, त्यांच्या डोक्यावर छत्री धरण्याचा मान पुष्कळ वर्षे मलाच मिळो.